तक्त्याच्या कोपऱ्यातली सही

पेंटरला स्वतःच्या हाताचा भारी अभिमान. चाळीस वर्षं त्याने शाळांसाठी तक्ते रंगवले. बेडूक, दात, ज्वालामुखी, हृदय, जे मागाल ते. खाली सही अशी झोकात ठोकायचा, की ज्वालामुखी यानेच पेटवला असावा.

हल्ली मात्र जिना चढताना त्याच्या छातीचा भाता व्हायचा. मग अर्ध्यावर थांबून तो भिंतीचे पोपडे तपासत असल्याचा आव आणायचा. आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून त्याने अंथरूण कामाच्या खोलीत हलवलं आणि बायकोला खुशाल सांगितलं, "तू घोरतेस." ती बिचारी तेव्हापासून नाकात थेंब घालत होती. खरं कारण इतकंच, की तो घाबरला होता. चाळीस वर्षं हृदयं रंगवलेल्या माणसाला स्वतःच्या हृदयाकडे बघायची छाती नव्हती.

शेवटी पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हा बायकोने त्याला धरून दवाखान्यात आणलं.

डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिने छाती तपासली, पावलावर अंगठा दाबला. पडलेला खळगा लवकर भरेना.

"काका, झोपताना उशा किती घेता?"

"एक," पेंटरने ठोकून दिलं आणि नजर चुकवायला भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर त्याचाच हृदयाचा तक्ता होता, आणि नेमका तो चुकलेला.

डॉक्टरने पेन्सिल तक्त्यावर ठेवली. "हृदयाचा उजवा भाग शरीरातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. तिथे ते प्राणवायू घेऊन डावीकडे परततं, आणि डावा भाग ते अंगभर पोचवतो. डावा दमला की रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, तिथे पाणी झिरपतं. मग आडवं झालं की धाप लागते, म्हणून उशा विचारल्या. फक्त या दोन नळ्यांचे रंग बघू नका, उलटे आहेत."

उलटेच होते. हृदयातून निघते ती धमनी आणि धमनी तांबडी, असा हिशेब मांडून पेंटरने फुप्फुसांकडे जाणारी नळी लालभडक रंगवली होती. हा हिशेब अंगभर चालतो, नेमका तिथेच चालत नाही; त्या नळीत प्राणवायू नसलेलं रक्त असतं, ती निळी हवी. तक्ता शाळेत गेल्यावर आठवड्याने एका मास्तरांचं चूक दाखवणारं पत्र आलं होतं. ते त्याने रंगाच्या डब्याखाली सारलं.

"याच तक्त्यावरून पाठ केलं आणि परीक्षेत आपटले," डॉक्टर हसली. "शाळेने टाकून दिला, तेव्हा मी मागून आणला. कुणी छातीठोक सांगितलं तरी पुन्हा एकदा विचारायचं, हे लक्षात राहतं."

बायकोने चष्मा लावून कोपऱ्यातली सही वाचली. नवऱ्याकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"मग उशी एकच लिहू ना?" डॉक्टरने विचारलं. " आज दाखल करायचं की गोळ्या देऊन घरी पाठवायचं, ते यावर ठरवतेय."

पेंटरला घरी जायचं होतं. 'हो' म्हणायला त्याने तोंडही उघडलं.

"नका लिहू," तो म्हणाला. "तो तक्ता माझा आहे. चूक मला तेव्हाच कळली होती, पण कबूल करायची लाज वाटली." तो श्वासासाठी थांबला. "आणि उशा चार. कधीकधी तर रात्र खुर्चीतच बसून काढतो."

बायकोची मान झटकन वळली. "म्हणजे मी घोरत नाही?"

"नाही गं."

तिने पिशवीतून थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

"अहो, मी जागी राहत होते," ती म्हणाली. "घोरले नाही, तर तुम्ही परत याल म्हणून."