उन्हातली खुर्ची

चंदीगडच्या जानेवारीत आमच्या सेक्टर चौतीसच्या ऑफिसात ऊन एकाच खुर्चीवर येतं, आणि ती खुर्ची माझी होती. आता कुणाची जागा ठरलेली नाही, जो आधी येईल त्याने हवं तिथे बसावं, असा नियम निघाला. तो सगळ्यांच्या गळी उतरवायचं काम साहेबांनी मला दिलं. मी आधी हिशेब मांडला. सगळ्यांत लवकर मीच येतो, म्हणजे माझं काहीच जात नाही. मग 'बदल हसत स्वीकारा' यावर असं भाषण ठोकलं की माझेच डोळे पाणावले.

दुसऱ्या दिवशी उन्हात हरलीन मॅडम भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मॅडम, यहाँ तो मैं..."

"खांबेटेजी, कल आपने इतना अच्छा बोला, मैं तो पक्की बदल गई! ताला खुलते ही आ गई."

तेवढ्यात मागून साहेब आले. मी घाईघाईने दारालगतची खुर्ची ओढली. दार उघडलं की गार वारा थेट मानेत शिरायचा. माझे दात वाजायला लागले.

"देखो सब लोग," साहेब कौतुकाने म्हणाले, "खांबेटेजी कैसे मुस्कुरा रहे हैं!"