वीट कुणाची?

मैत्रेयी स्टुटगार्टच्या एका कंपनीत गाड्यांच्या बॅटऱ्या थंड ठेवण्याच्या यंत्रणेवर काम करायची. शांघायच्या टीमशी सतत बोलणं व्हायचं, म्हणून ती संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हौसेनं चिनी शिकत होती.

त्या टीमच्या प्रमुख, पन्नाशीच्या लिन वेई, प्रथमच स्टुटगार्टला आल्या. सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी आतून पाणी खेळवून बॅटरी गार ठेवणाऱ्या नव्या कूलिंग प्लेटचं डिझाइन मांडलं. ते इतकं सुरेख होतं, की मैत्रेयीला राहवेना. वर्गात नुकताच शिकलेला एक जुना, ग्रांथिक वाक्प्रचार तिनं उठून खणखणीत आवाजात म्हटला, "पाओ च्वान यिन यू!" म्हणजे वीट टाकून जेड रत्न मिळवणं. लिननी छान सुरुवात केली, आता सगळ्यांनाच कल्पना सुचतील, असं तिला म्हणायचं होतं.

लिनसोबत आलेल्या दोघांनी माना खाली घातल्या. लिन लॅपटॉप मिटून बसल्या.

जेवणाच्या सुट्टीत मैत्रेयी ताट उचलून सरळ लिनच्या टेबलाशी गेली.

"माझं काय चुकलं?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"अर्थ बरोबर होता," लिन म्हणाल्या. "पण वीट नेहमी आपली स्वतःची असते. आपलं मत मांडताना नम्रपणे म्हणायचं, ही माझी साधी वीट, तुमच्याकडून जेड येऊ द्या. दुसऱ्याच्या कामाला म्हटलं, तर..."

मैत्रेयीनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! आमच्याकडे म्हणतात, माझ्या अल्पमतीला सुचलं ते सांगते. आणि मी चारचौघांत म्हटलं, तुमच्या अल्पमतीला छान सुचलं!"

लिन एवढ्या मोठ्यानं हसल्या, की कँटीनमधले लोक वळून बघायला लागले. "मग तुझी वीट दाखव ना!"

मैत्रेयी घुटमळली. मग तेच चार शब्द पुन्हा म्हणाली, या वेळी स्वतःसाठी. "डाव्या कोपऱ्यात पाणी रेंगाळेल असं वाटतं. तिथली वाट तिरकी केली तर? हिशेब मात्र केलेला नाही."

लिननी पेपर नॅपकिन ओढून त्यावर आकृती काढली. "तिरकी नको. दोन फाटे काढू."

दुपारी दोघींनी मिळून ते मांडलं. मैत्रेयीचे साहेब "गेनाऊ, गेनाऊ!" अगदी बरोबर, असं जर्मनमध्ये म्हणत पुढे सरसावले आणि नमुना बनवायला सांगून मोकळे झाले.

संध्याकाळी एस-बान या लोकल गाडीत लिन "मैतलेयी, मैतलेयी" असं घोकत होत्या.

"त्रे," मैत्रेयी म्हणाली. "जीभ दाताला लावा."

लिनचं स्टेशन आलं तरी ते जमलं नव्हतं. "उद्या!" दारातून त्या ओरडल्या.