मुखवट्याचे डोळे

बाली बेटावरच्या त्या नाचात पायांपेक्षा डोळेच जास्त नाचतात. गामेलानच्या झांजा-घंटांचा ठोका पडला की दोन्ही बुबुळं झटकन कोपऱ्यात गेलीच पाहिजेत. रस्मिनीचं डावं बुबुळ मात्र जागचं हलेना. "डोळ्यामागे ठणकतंय हो, बाई," असं ती नाच शिकवणाऱ्या सुकेर्तीबाईंना कितीदा तरी म्हणाली. "कामचुकार मेली! सोंगं नकोत!" म्हणत बाई पाठीत काठी घालायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून नाचायला लावायच्या.

एके दिवशी डावी पापणी खाली आली ती वर जाईना. देनपसारच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या तळाशी जी ग्रंथी असते तिच्यात गाठ झालीय, ती डोळा हलवणाऱ्या नसा दाबतेय. गाठ काढली, ठणका थांबला. बुबुळ काही वळलं नाही.

मग बाई फळांची टोपली घेऊन भेटायला आल्या. "अगं, दुखत होतं तर सांगायचंस ना!" वर बाईंचा कळवळा बघा, "आता मुखवटा घालून नाच. मुखवट्याचे डोळे कुठे हलतात?"

"नाहीच हलत," रस्मिनी म्हणाली. "पण त्यासाठी तुम्ही त्याला कधी काठीनं बडवलं नाहीत, बाई."