तपासणाऱ्याची सही

गुढियारीतल्या त्या लोखंडी कामाच्या कारखान्यात नकाशा काढायचा हक्क तीस वर्षं एकट्या नरहरीभाऊंचा होता. आणि आता त्या जागी कोण आलं होतं? एक पोट्टी! चेतना नाव, वय तेवीस, हातात पेन्सिलसुद्धा नाही, माउस! मालक प्रफुल्लनं तिला कम्प्युटर घेऊन दिला, कम्प्युटरला काचेची खोली दिली आणि खोलीला एसी दिला. मशीनला गर्मी सोसत नाही म्हणे. नरहरीभाऊंनी घामानं कागद भिजू नये म्हणून कोपराखाली फडकं ठेवून तीस उन्हाळे काढले, तेव्हा कोणाला गर्मी आठवली नव्हती.

"काय करून राहिली वो तू?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"सर, पहले पूरा पार्ट सॉलिड बनाती हूँ। फिर शीट पर व्यू अपने आप आ जाते हैं।" आईबाप वर्ध्याचे, घरात मराठी, पण बाईसाहेबांचं तोंड उघडलं की हिंदीच.

तिनं पडद्यावरचा लोखंडी तुकडा गरगर फिरवून दाखवला, दोनदा टकटक केलं, आणि समोरून, बाजूनं, वरून कसा दिसतो ते तिन्ही सपाट आकार कागदावर येऊन पडले. नरहरीभाऊंना दोन दिवस लागायचे ते काम चहा निवायच्या आत झालं. अपने आप! म्हणजे डोकं नावाची चीज खांद्यावर नुसती शोभेला ठेवायची. अरे, वस्तू मनात फिरवता आली पाहिजे माणसाला!

"मशीनले समजते ते मले दिसलं. तुले समजते काय?" त्यांनी नाक मुरडून विचारलं. पोट्टी चक्क हसली. ते हसू त्यांना चांगलंच झोंबलं.

खरी आग होती ती खुर्चीची; आता भाऊंकडे पोरीचे नकाशे तपासून सही करायचं तेवढंच काम उरलं होतं. चैत्रात त्यांना अठ्ठावन्न पुरी होणार होती, आणि प्रफुल्लनं तोंडावर सांगितलं होतं, "काका, नव्या राजधानीतल्या बस-थांब्यांचं काम आलं आहे. पहिला माल जाऊ द्या. मग पाहू, तपासायले माणूस ठेवाचा का नाही ते." पुरानी बस्तीत घरी बायकोला, कलावतीबाईंना मात्र भाऊ रोज ऐकवायचे, माझ्या सहीशिवाय तिथं कागद हलत नाही. उद्या त्याच घरात दिवसभर बसून त्यांना भाजी निवडून द्यायची? छे!

अशात चेतनानं पहिली शीट आणली. छपराला आधार देणारे साठ ब्रॅकेट, सगळे उजव्या हाताचे. भाऊंनी चष्मा चढवला आणि दुसऱ्याच मिनिटाला त्यांच्या मिश्या फुरफुरल्या. आपल्याकडची रीत साधी: वरून दिसणारा आकार खाली काढायचा, उजवीकडून दिसणारा डावीकडे. शीटच्या पट्टीत खूणही त्याच रीतीची छापलेली असते. पण हे सॉफ्टवेअर अमेरिकेचं, तिकडची रीत नेमकी उलटी, वरचं वर आणि उजवं उजवीकडे. पोरीनं ती बदललीच नव्हती! खाली खूण आपली, वर आकार त्यांचे. आपल्या रीतीनं ही शीट वाचली तर उजव्या पायाची चप्पल डाव्या पायाची होऊन बसणार, तीही साठ वेळा.

सांगावं? काहून सांगावं! अपने आप येते ना, तर अपने आप निस्तरेलही. बनू दे साठच्या साठ डावे, येऊ दे प्रफुल्लला धापा टाकत, मग सांगू की बाबा, मशीनलेच विचार. सहीचं काय? त्यात काय, पोरीवर विश्वास ठेवून केली म्हणू. भाऊंनी 'तपासणारा' या शब्दापुढे लफ्फेदार सही ठोकली आणि "छान आहे," असं म्हणालेसुद्धा. मेलीनं वाकून नमस्कार केला.

आठ दिवस त्यांनी मनात मांडे खाल्ले. नवव्या दिवशी माल रंगून अंगणात लागला, तेव्हा ते हात मागे बांधून रुबाबात गेले. एक ब्रॅकेट उचलला. उजवा. दुसरा उचलला, तोही उजवाच. वीस-पंचवीस पालथे घातले तरी एक डावा सापडेल तर शपथ! त्यांनी कारागीर भैय्यालालला हाक मारली. तीस वर्षं हाच माणूस त्यांचे नकाशे वाचून लोखंड कापत होता.

"अरे, शीट पाहून बनवले ना हे?"

"हव साहेब. कोन्टा में दीदी फोटू दे हे ना, ओला देख के बनाय हन।" शीटच्या कोपऱ्यात पोरीनं अख्ख्या ब्रॅकेटचं चित्रही टाकलं होतं, जसं हातात धरावं तसं. भाऊंनी त्याच्याकडे पोरखेळ म्हणून पाहिलंही नव्हतं.

"आणि हे आकार? हे नाही वाचले?"

"नक्सा तो मोला कभू समझ नइ आइस साहेब। पहिली आप मन आके समझावत रहेव ना।"

म्हणजे तीस वर्षं यानं नकाशा वाचलाच नव्हता; भाऊ येऊन समजवायचे, त्यावर लोखंड कापत होता! तेवढ्यात चेतना शीट घेऊन धावत आली, मागून प्रफुल्ल. पोरीचे डोळे भरलेले.

"सर, मुझसे बहुत बड़ी गलती हो गई। व्यू सब उल्टे थे। भैया ने फोटो देखकर बना दिया, इसलिए बच गए। मैंने खुद प्रफुल्ल सर को बता दिया।"

प्रफुल्लनं शीट भाऊंपुढे धरली आणि सहीवर बोट ठेवलं. "काका, तुमाले नाही दिसलं हे?"

"मी म्हटलं, पोरीवर विश्वास…"

"तुमी? अन् विश्वास? तुमी तर माया बापाचीबी रेघ दोनदा मोजत होते!"

आजूबाजूला कारागीर गोळा झाले होते. दिसलं होतं म्हणावं, तर साठ ब्रॅकेट जाणूनबुजून भंगारात घालायला निघालेला माणूस ठरतो. नाही म्हणावं, तर तीस वर्षं कशाची? पोरगी त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या मनात शंकेचा लवलेश नव्हता, हे सगळ्यात वाईट.

"नाही दिसलं," ते म्हणाले.

प्रफुल्लचा आवाज एकदम मऊ झाला. "जाऊ द्या काका. उमरच झाली आता. बसा तुमी आरामानं, तुमाले कोण काढून राहिलं?"

खुर्ची राहिली. दुसऱ्या दिवसापासून चेतना त्यांच्यासाठी प्रत्येक शीट दुप्पट मोठ्या कागदावर काढून आणू लागली. शेजारी उभी राहून, एकेका आकारावर बोट ठेवून, सावकाश, मोठ्यानं सांगते, "सर, ये सामने से। और ये ऊपर से, इसलिए नीचे।" आणि नरहरीभाऊ सगळ्या कारखान्यादेखत मान हलवून म्हणतात, "हव बाई, दिसलं."