झडपेची बारी

"पेजेत मीठ दोनदा घातलंस की काय?" सिल्वेस्टरने वाडगा बाजूला सारला.

"एकदाही नाही घातलं," त्याची बायको सेलेस्टीन म्हणाली. "विहिरीचं पाणीच मचूळ झालंय. आता पोरांना काय पाजू, ते तुम्हीच सांगा."

सिल्वेस्टरने घागरीतलं पाणी चाखून पाहिलं. कोपरी गावाचं खाडीकाठी खाजण होतं. मातीच्या बांधाआड भातशेती, आणि बांधात एक लाकडी झडप. भरतीला ती लावली की खारं पाणी बाहेर राही. ओहोटीला उघडली की शेतातलं जादा पाणी निघून जाई. तेव्हा जाळ्यात येणारी कोळंबी घरोघर वाटत. झडप सांभाळायची प्रत्येक घराची बारी ठरलेली होती. पण आगगाडी आली, पुरुष मुंबईला कामाला जाऊ लागले आणि बाऱ्या चुकू लागल्या. मालधक्क्यावर कारकून असलेल्या सिल्वेस्टरनेच मग गावाला पटवलं, की कोळंबीचा मक्ता बाहेरच्याला देऊन टाकू. झडपही मक्तेदारच बघेल. सगळ्यांना हायसं वाटलं होतं.

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर क्रुसाजवळ बैठक बसली. मक्ता पुढे चालवायचा की नाही, ते ठरायचं होतं. मक्तेदारही आला होता. शेजारचा धोंडीबा शेतातल्या लोंब्या घेऊन आला आणि त्याने त्या सिल्वेस्टरच्या तळहातावर चोळल्या. नुसतं फोल उडालं.

"सिल्वेस्टरभाऊ, तुमचा मक्तेदार भरतीलाच झडप उघडतो. खारं पाणी जास्त, तर कोळंबी जास्त."

"मग तशी बंदी करारात घालू. दंडही लावू."

"लिहा की," मक्तेदार म्हणाला. "काय पाहिजे ते लिहा."

सिल्वेस्टरची मावशी उर्सुला हसली. "बघ, कसा चटकन कबूल झाला! भरतीच्या वेळी बांधावर कोण उभं राहणार, तुझा करार?"

"पहारेकरी ठेवू."

"आणि पहारेकऱ्यावर कोण? अरे, आम्ही काय संत होतो? मलाही कोळंबी आवडायचीच. पण झडप उघडी टाकली तर माझंच भात जळायचं, म्हणून हात आवरायचा. ह्याचं इथे काय जळतं रे?"

मक्तेदार काही दुष्ट नव्हता. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही भरतीचीच वाट पाहिली असती, हे सिल्वेस्टरला कळलं, आणि तेच जास्त बोचलं.

"मक्ता नको," तो म्हणाला. "बाऱ्या पुन्हा लावू."

"आणि बारीच्या वेळी तुमची कामाची गाडी कोण थांबवणार, कारकूनसाहेब?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"हे कामावर असतील तेव्हा मी जाईन," सेलेस्टीन म्हणाली. "आजवर बायकांना झडपेजवळ कुणी बोलावलं नाही. पाणी मात्र आम्हीच भरतो."

मक्ता मोडला, पण सगळ्यांना ते पटलं नव्हतं. काही घरं बारी न घेताच उठून गेली. खालच्या अंगाची शेतं तर हातची गेलीच होती. त्यांतला खार धुऊन निघायला पावसाळे जावे लागणार होते.

दुपारी भरती चढू लागली. फुगलेली झडप जागची हलेना. सिल्वेस्टर, सेलेस्टीन आणि धोंडीबा, तिघांनी मिळून तिच्यावर भार टाकला, तेव्हा ती कुरकुरत खाली बसली.

वाचकहो, गावाच्या कामाचा कंटाळा आला की आपण ते परक्याच्या हवाली करतो आणि सुटलो म्हणतो. पण जे बिघडल्यावर आपल्याच ताटातला घास जाणार, ते राखण्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. त्याची बारी आपल्यालाच भरावी लागते.