स्विचपाशी माणूस

“दहा मिनिटं फक्त. काही करायचं नाही, नुसतं स्विचपाशी बसायचं,” नंदकिशोर दिघे म्हणाले.

समोरच्या फ्लॅटमधला मिहिर कानात हेडफोन घालून दारात उभा होता. “काका, कॉल चालू आहे ना. अ‍ॅपवरून कारपेंटर बोलवू का? अर्ध्या तासात येतो.”

“कारपेंटर नको रे. माणूस हवाय.”

मिहिरला यातला फरक कळला नाही. ‘बघतो’ म्हणून त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश बँकेत निघाले होते. तळमजल्यावरच्या शर्मिष्ठाबाईंच्या गुडघ्यांना जिना सोसत नव्हता. अंधेरीतल्या त्या सत्तावीस बिऱ्हाडांत दिघ्यांसाठी दहा मिनिटं कुणाकडेच नव्हती.

काम एवढंसं होतं. दाराची आतली कडी काढायची. गेल्या महिन्यात दिघे बाथरूममध्ये घसरून पडले आणि उठता येईपर्यंत दीड तास गेला. दाराला आतून कडी, म्हणजे कुणी आलं असतं तरी आत येऊ शकलं नसतं. कुणी आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मेलबर्नहून यज्ञेशने फर्मान सोडलं, “बाबा, ती कडी आधी काढा. लॅच पुरे झालं.” पण ऑइलपेंटच्या तीन थरांखाली स्क्रूंची डोकी पार गुळगुळीत झालेली. हातातल्या छोट्या ग्राइंडरने प्रत्येक डोक्यात नवी खाच पाडायची, की स्क्रू फिरलाच. दिघ्यांच्या डाव्या हातचा मळ.

पण ग्राइंडर एकट्याने चालवायचं नाही, हा त्यांचा नियम. मरोळच्या कारखान्यात ते फोरमन असताना शिवदास नावाचा फिटर जेवणाच्या सुट्टीत एकटाच ग्राइंडर घेऊन बसला. बाही चाकात गेली. मशीनचं बटण ‘चालू’वर लॉक केलेलं, प्लग आठ फुटांवर, बाकी सगळे कँटीनमध्ये. तो किती वेळ ओरडत होता, ते कुणालाच सांगता आलं नाही. त्याचा पंजा गेला. दिघ्यांनी स्वतः ब्रश घेऊन भिंतीवर लिहिलं, ‘ग्राइंडर चालू, तर स्विचपाशी माणूस.’ साहेब मुतारीतही माणूस बरोबर नेतात, असं कामगार पाठीमागे म्हणायचे. म्हणोत बापडे! पुढच्या एकोणीस वर्षांत तिथे कुणाचं बोटही गेलं नाही.

रिटायर झाल्यावर घरी स्विचपाशी त्यांची बायको माणिक बसायची, गॉगल लावून मेथी निवडत. ती गेल्याला चौदा महिने झाले होते आणि तेव्हापासून ग्राइंडर खोक्यात होतं. लावावं एकट्याने, कोण बघतंय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

शुक्रवार होता. साडेदहाला खारदांड्याच्या अंजनाबाई तीन जिने चढून आल्या आणि माशांची पाटी दारात उतरवत म्हणाल्या, “भाऊ, मांदेली हायेत. बघ कशी चमकतात.”

“घेतो. आधी एक काम आहे. दहा मिनिटं बसाल?”

“धा काय, ईस बसते. पाय मोडले माझे.”

दिघ्यांनी त्यांना माणिकचा गॉगल दिला. अंजनाबाईंनी त्याचं इलॅस्टिक अबोलीच्या वेणीवरून ओढून बसवलं. “पिक्चरमधली दिसते काय रं?”

“पदर खोचा. डोळा माझ्या हातावर ठेवायचा. मी ‘बंद’ म्हटलं, नाहीतर नुसता ओरडलो, तरी बटण बंद करायचं.”

“ताई पन अशीच बसायची?”

“अशीच.”

दिघ्यांनी घड्याळ काढलं, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, पायपुसणं लांब सारलं. गॉगल चढवला. नवं चाक अंगापासून बाजूला धरून मिनिटभर रिकामं फिरवलं. मग पहिली खाच पाडली. “बंद!” म्हटल्याबरोबर चाक थांबलं. दुसरी, तिसरी, चौथी. आपल्या पाठीमागून कुणीतरी आपल्या हातांकडे बघतंय, हे चौदा महिन्यांत पहिल्यांदाच घडत होतं. दिघ्यांना गॉगलच्या आत भरून आलं. हात मात्र हलला नाही.

स्क्रू निघाले आणि कडी हातात आली.

“कडी कशाला काढली? चोर येल ना!”

दिघ्यांनी बाथरूमची गोष्ट सांगितली. अंजनाबाईंनी गॉगल काढला. “मग दुसरी चावी कोनाकडे?”

दोन्ही चाव्या दाराशेजारच्या खिळ्याला लटकत होत्या. दिघ्यांनी त्यांतली एक काढून पुढे केली. “तुमच्याकडे ठेवा.”

“नको रं भाऊ. उद्या काय हरवलं तर पयलं नाव माझं येल. तू नाय घेणार, तुझे सोसायटीवाले घेतील.”

यात खोटं काही नव्हतं. दिघ्यांनी चावी परत खिळ्याला अडकवली.

“पन आइक,” अंजनाबाई म्हणाल्या. “बुधवारी नि शुक्रवारी मी येतेच. एक बेल मारीन. नाय उघडलंस तर दुसरी मारीन. तरी नाय, तर अशी बोंबलीन का अख्खी बिल्डिंग गोळा होईल. चावी कशाला पायजे? माझा गळा हाय.”

रविवारी यज्ञेशचा फोन आला. “कडी काढली?” “काढली.” “छान.” एवढंच बोलणं झालं. दूधवाला पिशवी हँडललाच अडकवून जातो. मंगळवारपर्यंत बेल वाजली नाही.

बुधवारी सव्वादहालाच दिघे दारामागे येऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने जिन्यात चपला वाजल्या. पाटी टेकली. बेल वाजली.

त्यांचा हात लॅचवर होता, तरी त्यांनी दार उघडलं नाही. श्वास रोखून ते नुसते उभे राहिले. पलीकडे बांगड्या वाजल्या. दुसरी बेल वाजली, पहिलीपेक्षा लांबलचक.

मग त्यांनी दार उघडलं.

“जीव घेतलास ना माझा! किती वेळ रं?”

“हात ओले होते,” दिघे म्हणाले आणि खांद्यावरच्या पंच्याला त्यांनी कोरडे हात पुसले.