काठोकाठ भरलेले प्याले

आमच्या नातीला, आयबेनिजला, पहिला दात आला आणि माझ्या बायकोने, सनूबरने, गहू-चणे उकडून हेदिक केलं, ते साल दोन हजार आठ. हेदिक शेजारीपाजारी वाटायचं असतं. आम्हाला शेजार कुठला? बाकूबाहेर, मर्दकानच्या सरकारी अतिथीगृहाच्या मागे आमची एक खोली होती. म्हणून सनूबरने वाडगे भरले ते माळ्यासाठी, पहारेकऱ्यांसाठी आणि इल्तिफातसाठी.

इल्तिफात सरकारी कचेरीतला. परदेशी पाहुण्यांची ऊठबस तो बघायचा: कोण कुठे बसणार, कोणाचा झेंडा कुठे लागणार, कोणाला काय खाऊ घालायचं. वय अडतीस. आमची खोली त्यानेच मिळवून दिली होती. त्र्याण्णव साली लढाईत केल्बेजेर सोडून आम्ही डोंगरावरून खाली आलो, ते पाच वर्षं एका शाळेच्या वर्गात चादरीच्या आडोशाने राहिलो. मला मेंढ्यांपलीकडे काही येत नव्हतं. अक्षरंसुद्धा मी पन्नाशीत, त्या वर्गातल्या फळ्यावर पोरं गिरवायची ती बघून शिकलो. इल्तिफातने मला चहाच्या कामाला लावलं, वर खोली दिली. खोली एक आणि माणसं पाच, पण दाराला कडी होती आणि ती आतून लागायची. सनूबर पहिले कित्येक दिवस नुसतीच कडी लावायची आणि काढायची.

त्या ऑक्टोबरात तुर्कमेन येणार होते. समुद्राच्या पलीकडे, त्यांच्या वाळवंटाखाली, गॅस आहे. तो समुद्राच्या तळाने नळी टाकून आमच्याकडे आणायचा, आमच्याकडून जॉर्जिया, तिथून तुर्कस्तान आणि पुढे युरोप. ऑगस्टात जॉर्जियात तोफा वाजल्या होत्या, त्यामुळे युरोपवाल्यांना घाई झाली होती. पण तुर्कमेनांचं आणि आमचं समुद्रातल्या एका तेलाच्या जागेवरून दहा वर्षं वाकडं होतं. ती जागा आमची, असं दोघेही म्हणायचे. इतकी वर्षं ते आमच्याकडे आले नव्हते आणि आम्ही त्यांच्याकडे गेलो नव्हतो. आता आले, ते एकमेकांच्या खिशाकडे बघत आले.

त्यांचे प्रमुख ताचमुराद आगा. सत्तरीचा, बारीक अंगाचा माणूस. बरोबर नऊजण, त्यातला एक फक्त चहा करणारा. ते हिरवा चहा पितात, बिनकानाच्या पसरट प्याल्यातून, आणि प्रत्येकाची किटली वेगळी. चहाची पत्ती त्यांनी आणली होती, पाणीसुद्धा आणलं होतं. मी इल्तिफातला म्हटलं, आमच्या पाण्याने काय पाप केलंय? तो हसला आणि म्हणाला, मामा, तुमच्यावर कोणाचा संशय नाही, नळावर आहे.

आमचेही कमी नव्हते. आमच्यात पहिल्या घोटाआधी साखरेचा खडा चहात बुडवून बघायची सवय आहे. पूर्वी म्हणे विष असलं तर त्याने कळायचं. आमच्या बाजूने बोलणी करणाऱ्या साहेबांनी पहिल्या बैठकीत खडा बुडवला, तेव्हा ताचमुराद आगा शांतपणे म्हणाले, "स्वतःच्या घरचा चहासुद्धा तपासून पिता का तुम्ही?" सगळे हसले. आमची भाषा त्यांना निम्मीशिम्मी कळते, त्यांची आम्हाला. दुभाषा होता, पण गमतीच्या बोलण्याला त्याची गरज पडत नव्हती.

तुर्कमेनांना आपसांत बोलायचं असलं की ते बागेतल्या कारंज्यापाशी जायचे, म्हणजे पाण्याच्या आवाजात शब्द बुडतील. लगेच आमचा माळी कात्री घेऊन तिथल्या झुडपापाशी हजर. त्याला तसं सांगितलेलंच होतं. दोन दिवसांत ते झुडूप नुसत्या काड्यांचं झालं. दुसऱ्या संध्याकाळी ताचमुराद आगांनी त्याला जवळ बोलावून म्हटलं, भाऊ, यात कापायचं काही शिल्लक असेल तर आम्ही जरा उशिरा आत जातो.

तरी दोन दिवसांत गाडी पुढे सरकली होती. करार नव्हताच. एक कागद होता, की दोघांनी मिळून समुद्राच्या तळाची पाहणी करायची. एवढ्यावर सह्या झाल्या असत्या तर पुढचं दार उघडणार होतं. युरोपवाल्यांनी पाठवलेल्या एक बाई शेजारच्या दालनात लाल फाइल घेऊन बसल्या होत्या. सह्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहानंतर व्हायच्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुर्कमेनांचा चहावाला पोट धरून झोपला. त्याने आदल्या दिवशी बेदाणे तोंडात टाकावेत तशी द्राक्षं खाल्ली होती, आणि चांगली दोन किलो खाल्ली होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. पण त्यांच्या डॉक्टरने द्राक्षांचा घडच कागदात गुंडाळून पेटीत टाकला. त्या दिवशी चहा माझ्याकडे आला.

दुपारी इल्तिफात माझ्या खोलीवजा चहाघरात आला. दार ओढून घेतलं. म्हणाला, "मामा, आज किटल्या नकोत. प्याले इथूनच भरून न्या. आणि काठोकाठ भरा."

कमरेत बारीक असलेल्या आमच्या छोट्या ग्लासातही आम्ही वर ओठापुरती जागा सोडतो. मी विचारलं, ओठाला जागा नको?

"त्यांच्या प्याल्याला लागत नाही," तो म्हणाला. "अर्धे प्याले बघून पाहुण्यांना वाटेल, आपण हात आखडतो."

मी भरले. नऊ प्याले, एक थेंब न सांडता नेले. ताचमुराद आगांसमोर ठेवला. त्यांनी प्याल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग शेजारच्या माणसाचा प्याला पाहिला, त्याच्या पलीकडचाही. रागावले नाहीत. बोटाने प्याला इंचभर पुढे सरकवला, घड्याळ पाहिलं आणि आमच्या साहेबांना म्हणाले, बराच वेळ घेतला तुमचा, आम्ही घरी जाऊन विचार करतो. अर्ध्या तासात त्यांच्या गाड्या विमानतळाच्या रस्त्याला लागल्या होत्या. टेबलावर नऊ प्याले तसेच, काठापर्यंत. युरोपच्या बाई दारात उभ्या राहून प्रत्येकाला विचारत होत्या, काय झालं? कोणालाच सांगता येत नव्हतं.

दोन दिवसांनी विद्यापीठातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने सांगितलं. तुर्कमेनाच्या घरी प्याला अर्धाच भरतात, म्हणजे यजमान पुन्हा पुन्हा ओततो, पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरला की त्याचा अर्थ, पी आणि निघ.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुल्हेद्दीन आला. तो चौकशा करणारा माणूस. अंगाने जाड, आवाज मऊ. मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. म्हणाला, काका, दोनच गोष्टी असू शकतात. एक, तुम्ही अडाणीपणाने भरले. मग असा अडाणी माणूस सरकारी जागेत ठेवता येणार नाही, शुक्रवारपर्यंत खोली मोकळी करा. किंवा दुसरी, कोणीतरी तुम्हाला सांगितलं. मग तुम्ही फक्त हात. हाताला शिक्षा नसते. लिहून द्या. लिहिता येतं ना?

येतं म्हटलं.

घरी सनूबरला सांगितलं. ती आयबेनिजला झोपवत होती. थोड्या वेळाने उठली आणि कडी लागली आहे का ते बघून आली.

तेव्हापासून माझं डोकं एकाच जागी फिरू लागलं. इल्तिफातला ठाऊक होतं का? त्याने एकदा मला सांगितलं होतं, रशियाच्या राज्यात त्याची लष्करातली दोन वर्षं तुर्कमेनांच्या मारी शहरात गेली. उन्हात रणगाड्याच्या पत्र्यावर अंडी तळायचे. दोन वर्षं तिथे काढलेल्या माणसाला प्याला किती भरतात ते माहीत नसेल? मग वाटायचं, शिपायाला कोण घरी चहाला बोलावतं? त्याला चहा मिळतो ॲल्युमिनियमच्या मगात. मग पुन्हा आठवायचं, त्याने दार ओढून घेतलं होतं. एवढ्याशा चहासाठी दार कशाला लावायचं?

आणि तो म्हातारा तुर्कमेन? सत्तर वर्षांचा, साखरेच्या खड्यावर विनोद करणारा माणूस. आमच्या चहावाल्याला तुर्कमेनी रीत ठाऊक नसेल, एवढं त्याला समजलं नसतं का? त्याने शेजाऱ्यांचे प्यालेसुद्धा पाहून घेतले होते. हवी असलेली वस्तू हाती लागावी तसा त्याचा चेहरा मला आता आठवत होता. की आता आठवत होता म्हणूनच तसा वाटत होता, कोण जाणे. उत्तरेकडच्या शेजाऱ्याला ही नळी नको होती, दक्षिणेकडच्याला नको होती. आमच्या साहेबांना खरंच हवी होती, हेही मी कशावरून धरून चाललो होतो? युरोपच्या बाईंच्या तोंडावर नाही म्हणणं दोन्ही बाजूंना जड जात असेल, तर नऊ प्याले चहा स्वस्तच पडला.

गुरुवारी मी इल्तिफातला गाठलं. तो बागेत त्या काड्या झालेल्या झुडपापाशी सिगारेट ओढत होता. मी सरळ विचारलं, तुला माहीत होतं का?

"तुम्हाला काय वाटतं, मामा?"

मला वाटायचं ते वाटून झालंय, म्हटलं, आता तू सांग.

त्याने सिगारेट विझवली. "सुल्हेद्दीनने खोलीचा विषय काढलाय ना?"

मी मान हलवली.

"मग तुम्हाला जे लिहायचं ते लिहा. मी येऊन तुमचा हात धरणार नाही." जाताना म्हणाला, "आयबेनिजला अजून किती दात आले?"

चार, म्हटलं.

शुक्रवारी सकाळी सुल्हेद्दीनने कागद पुढे ठेवला. म्हणाला, मी सांगतो, तुम्ही लिहा. मी म्हटलं, माझं मी लिहितो. तीन ओळी लिहायला मला पाऊण तास लागला. 'प्याले मी भरले. काठोकाठ भरा असं इल्तिफातने सांगितलं. तेव्हा दार लावलेलं होतं.' खाली नाव, मुर्शूद. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. दाराचं मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी ते लिहिलं.

सुल्हेद्दीनने कागद वाचला नाही. घडी करून खिशात घातला, जसा आधीच वाचलेला कागद घालतात. त्याला नाव आधीच माहीत होतं. त्याला फक्त ते दुसऱ्याच्या अक्षरात हवं होतं.

दहा दिवसांनी इल्तिफात टेबलावरच्या आपल्या वस्तू न्यायला आला. त्याची दूरच्या शेकी शहरातल्या एका अभिलेखागारात बदली झाली होती, जुन्या जमिनीच्या कागदांत. अतिथीगृहातले लोक त्याच्या वाटेतून बाजूला होत होते. माळी तर घरातच शिरला. इल्तिफात चहाघरात आला, दार उघडंच ठेवलं. मी त्याला आमच्या ग्लासात चहा दिला, ओठापुरती जागा सोडून. त्याने साखर न बुडवता पहिला घोट घेतला.

"खरं लिहिलंत, मामा. त्याची तक्रार नाही माझी."

मी साखरेची वाटी त्याच्याकडे सरकवली.

"पण मी तुम्हाला सांगितलं, तसं मलाही कोणीतरी सांगितलं असेल, हे तुमच्या मनात नाही आलं?"

आलं होतं. गुरुवारी बागेतच आलं होतं. तो सिगारेट विझवत होता तेव्हा ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, की तुला कोणी सांगितलं. त्याने नाव घेतलं असतं, तर ते मला लिहावं लागलं असतं, आणि तसं वरचं नाव लिहिणाऱ्याची खोली कोणी राहू देत नाही. म्हणून मी विचारलं नव्हतं.

"नाही आलं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्याला कळलं. तो म्हणाला, बरं झालं. चहा संपवला, ग्लास स्वतः विसळून पालथा ठेवला आणि गेला. त्याच्या बायकोने पुढे कधी सनूबरच्या फोनला उत्तर दिलं नाही.

त्या हिवाळ्यात दूर युक्रेनच्या वाटेवर गॅस अडला आणि युरोपात लोक थंडीने कुडकुडले. युरोपच्या बाई पुन्हा आल्या, फाइल तीच, लाल. तुर्कमेनही पुढे वेगवेगळ्या बैठकांना आले. आता त्यांचे प्याले अर्धे भरायचे, अशी लेखी सूचना चहाघराच्या भिंतीवर होती. सगळे हसून बोलायचे. समुद्राखालची नळी मात्र आजतागायत पडलेली नाही. त्या कागदावर तेव्हा सह्या झाल्या असत्या तर पडली असती का, हे मी कोणाला विचारत नाही. ज्यांना माहीत असेल ते सांगणार नाहीत, आणि जे सांगतील त्यांच्यावर माझा विश्वास बसणार नाही.

आमची खोली राहिली.

ताचमुराद आगा दोन हजार अकराच्या जूनमध्ये अश्गाबातला वारले. इल्तिफात दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत शेकीला हृदयविकाराने गेला. त्याला त्रेचाळीस वर्षं पूर्ण झाली नव्हती, आणि मला बातमी चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यानंतर कळली. सनूबर दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी, त्याच खोलीत वारली.